कट म्हटल्यानंतरचा आवाज

कोर्स संपताना आम्हाला एक अहवाल लिहून द्यावा लागला. विषय असा: डिजिटल मीडियाचं शिक्षण घेताना या क्षेत्रातल्या व्यावसायिकांकडून तुम्ही काय शिकलात? शब्दमर्यादा पाचशे. मी लिहिलं की संयम शिकले, सगळ्यांबरोबर काम करायला शिकले आणि वेळेचं भान शिकले. पैकीच्या पैकी गुण मिळाले. यातली एकही गोष्ट माझ्याकडे तेव्हा नव्हती आणि आजही नाही. खरं जे शिकले ते लिहिलं असतं, तर तपासणाऱ्या बाई माझ्याशी पुन्हा नीट बोलल्या नसत्या.

आमच्याकडे आठवडाभर शिकवायचे ते मास्तर आणि शनिवारी यायचे ते खरे लोक, अशी आम्हीच विभागणी करून टाकली होती. मास्तरांच्या स्लाइड्स आम्ही शाळेत होतो तेव्हाच्या. त्यातले एक तर 'भविष्यात मोबाइलवर चित्रफीत पाहणे शक्य होईल' असं अजून वाचून दाखवायचे, आणि आम्ही ते बाकाखाली मोबाइलवर व्हिडिओ बघत ऐकायचो. शनिवारी मात्र सगळे वेळेवर. शनिवारी येणाऱ्या माणसांना बाहेर काम असायचं, त्यांचे फोन सारखे वाजायचे, आणि ते फोन कट करून आमच्याशी बोलायचे याचंच आम्हाला कोण कौतुक.

त्यातली एक बाई होती, तिला आम्ही 'तीन सेकंद' म्हणायचो. तिचं म्हणणं एकच: बघणारा तीन सेकंदांत पळतो, त्याला त्याआधी धरा. हे तिने दोन वर्षांत इतक्या प्रकारे सांगितलं की तिच्या तासाला आम्हीच दुसऱ्या सेकंदाला पळालेलो असायचो. आणि एक होता 'हेडफोन'. गळ्यात कायम मोठे काळे हेडफोन, त्यांच्या गाद्यांचं कातडं सोललेलं. तो संकलक होता. म्हणजे लोकांनी वर्षभर जे शूट करून आणलेलं असायचं त्यातलं बरंचसं तो फेकून द्यायचा, आणि उरलेल्याला माहितीपट म्हणून बक्षिसं मिळायची.

हेडफोन वर्गात कोणाचंही काम लावायचा, मध्येच थांबवायचा आणि विचारायचा, "इथे तुला झोप आली होती का?" पोर म्हणायचं, नाही सर. तो म्हणायचा, "मला आली." एकदा एका मुलीला तिचीच चाळीस सेकंदं त्याने नऊ वेळा दाखवली. नवव्या वेळी ती स्वतःच म्हणाली की हे वाईट आहे, आणि रडायला लागली. त्याने तिला टिश्यूचा डबा दिला आणि दहाव्यांदा लावलं. मला हा माणूस फार आवडायचा. दुसऱ्याला रडवतो तोवर कोणीही आवडतं.

त्याने शिकवलेली एक गोष्ट मी वहीत लिहून दोनदा अधोरेखित केली होती. तो म्हणाला, पाहुणे येणार म्हटलं की आपण घर आवरतो, तसा माणूस कॅमेऱ्यासमोर स्वतःला आवरून बसतो. तुम्ही 'कट' म्हणालात की तो पाय पसरतो, आणि खरा माणूस तिथे सुरू होतो. म्हणून रेकॉर्डर लगेच बंद करू नका. घरी जाऊन पहिलं ते ऐका, कट म्हटल्यानंतरचं.

त्याच्या स्टुडिओत दर वर्षी आमच्या वर्गातला एक जण मदतनीस म्हणून घेतला जायचा. आम्ही बावीस जण आणि खुर्ची एक. शेवटच्या सत्रात प्रत्येकाने दहा मिनिटांची फिल्म करायची, ती सभागृहात सगळ्यांसमोर दाखवायची आणि त्याच दिवशी हेडफोन नाव जाहीर करायचा. मला ती खुर्ची हवी होती. इतकी हवी होती की बाकीच्या एकवीस जणांच्या हार्ड डिस्क एकाच दिवशी खराब व्हाव्यात असं मला मनापासून वाटायचं, आणि त्यात माझी जिवलग मैत्रीणही धरलेली होती.

फिल्मचा विषय ठरलेला: घरातलं काम करणारं माणूस. मी आत्याला निवडलं. कारण विचाराल तर, आत्या कशालाच नाही म्हणत नाही.

आत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. चोपन्न वर्षांची, बिनलग्नाची. एका रस्त्यावर कपडे आखूड-मोठे करून देण्याचं एक दुकान आहे, तिथे काउंटरमागे मशिनीवर ती अठ्ठावीस वर्षं बसते. माणूस समोरून चालत आला की त्याचा एक खांदा किती खाली आहे ते तिला टेप न लावता कळतं. आमच्या घरात मागची छोटी खोली तिची होती. मी या कोर्सला लागले, मोठं टेबल आलं, दोन स्क्रीन आले, स्पीकर आले, आणि आत्याची खाट स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मधल्या बोळात गेली. सहा महिन्यांसाठी, असं तेव्हा बाबा म्हणाले होते. त्याला आता दोन वर्षं होत आली. बोळाला आईने पडदा लावून दिला. बाबा रात्रीतून दोनदा बाथरूमला उठतात आणि दोन्ही वेळा आत्याच्या तोंडावर दिवा लागतो. ती कधी काही बोलली नाही. बोलली असती तर आम्ही ऐकलं असतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

शूटिंगला मी चार दिवस दुकानात गेले. आत्या लाजली, मग सवय झाली. एका पँटीची पूर्ण शिवण ती ब्लेडने उसवत होती, तेव्हा मी कॅमेरा तिवईवर ठेवला आणि चार मिनिटं हात लावला नाही. धागा धागा काढत होती, चिमटीने झटकत होती. तोंडाने चकार शब्द नाही. मला तो शॉट कंटाळवाणा वाटला होता, पण दहा मिनिटं भरायची होती.

शेवटच्या दिवशी घरी, तिच्या जुन्या खोलीत, म्हणजे माझ्या खोलीत, मुलाखत घेतली. त्याआधी तिची सही घेतली. 'चित्रित अथवा ध्वनिमुद्रित झालेले सर्व साहित्य वापरण्यास माझी संमती आहे.' कायद्याच्या तासाला आम्हाला हा कागद दिला होता. आत्याने वाचला नाही. कॉलेजला लागतो म्हटल्यावर हात पुसून सही केली. मग मी तिच्या कॉलरला बारीक माइक लावला, त्याची वायर कपड्यातून मागे नेली आणि कमरेला ती छोटी डबी अडकवली. रेकॉर्डिंग त्या डबीतच होतं, कॅमेऱ्यात नाही.

मुलाखत ठोकळ्यासारखी झाली. काम आवडतं का? आवडतं. कंटाळा येतो का? छे, कंटाळा कसला. भाऊ, वहिनी, भाची, सगळे जीव लावतात. तिच्या प्रत्येक उत्तराला इस्त्री केलेली होती. मी वैतागून कट म्हणाले आणि कॅमेऱ्याची बॅटरी बदलत बसले. माइक काढायचा विसरले. असा विसर आमच्याच धंद्यातल्या माणसाला पडतो, आणि पहिल्या सत्रापासून त्याच्याबद्दल ओरडा खाल्लेला असतो. तासाभराने आत्या डबी हातात घेऊन आली आणि म्हणाली, "हे केव्हाचं टोचतंय गं कमरेला. काढलं चालेल ना?" मी डबी घेतली, फाइल कॉम्प्युटरवर टाकली आणि विसरून गेले.

फिल्म दाखवायच्या आठवडाभर आधी पहिला कट, म्हणजे जोडलेली कच्ची फिल्म, हेडफोनला पाठवायचा होता. मी पाठवला. मुलाखत जवळजवळ सगळी काढून टाकली होती. फिल्मभर आत्या नुसती काम करत होती, आणि मध्ये तो चार मिनिटांचा उसवण्याचा शॉट मुका. त्याचं उत्तर आलं: "ठीक आहे. अजून आठवडा आहे." एवढंच.

ठीक आहे! शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. माझ्या जिवलग मैत्रिणीला त्याने म्हणे दोन पानं लिहून पाठवली होती. दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. आईने जेवायला हाक मारली तर तिच्यावर खेकसले. मग तिसऱ्या दिवशी दुपारी, काहीच सुचेना म्हणून, वहीतली ती दोनदा अधोरेखित केलेली ओळ पाळायची ठरवली आणि डबीतली फाइल शेवटपर्यंत ऐकली.

आधी पावलं. मग नळ. मग आई आत्याला विचारत होती की झालं का तुमचं शूटिंग. मग भांडी लावल्याचा आवाज, आणि आई हळू आवाजात म्हणाली, "काय ठरलं मग तुझं? हो म्हणालीस त्यांना?"

'ते' म्हणजे चष्मेवाले. आत्याच्या दुकानासमोर त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी सहा महिन्यांत अकरा पँटी आखूड करून घेतल्या होत्या, हे मला शूटिंगच्या वेळी दुकानात कळलं होतं. तेव्हा मी हसले होते की हा माणूस उंचीने कमी होत चाललाय की काय. पुढचं काही मला माहीत नव्हतं.

आत्या म्हणाली, "मी हो म्हणाले. महिनाअखेरीला जायचं म्हणतात लग्नाची सही करायला."

आईने विचारलं, "पण तुला आवडतात का ते?"

आणि मग माझी आत्या, जिला दिवसभरात वीस वाक्यं लागत नाहीत, ती बोलायला लागली. "आवडायचं काय वहिनी आता. बोलायला लागले की थांबत नाहीत. तीच गोष्ट तीन तीनदा सांगतात, आणि तिन्ही वेळा मी हसते. खाताना त्यांचे वरचे दात खटखट वाजतात. एकदा तर हातातच आले, रुमालात धरून पुसून परत बसवले. मला शिसारी आली. मग म्हणाले, तुमचा माझ्यावर जीव आहे ना? मी म्हटलं, आहे. काय सांगू? त्यांच्याकडे दोन खोल्या आहेत, वहिनी. एक मला देणार आहेत. तिला दार आहे. आतून कडी आहे. मी जाऊन लावून बघितली."

मग बराच वेळ नळ. मग आत्याच म्हणाली, "पोरीला खोली लागतेच गं. तिचं केवढं काम असतं. माझं त्याबद्दल काही नाही. ती मोठी व्हायला हवी."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. आता इथे मला वाईट वाटलं असं लिहिलं तर सोपं जाईल. वाईट नंतर वाटलं. आधी आनंद झाला. मी पहिल्यांदा काय बघितलं, तर आवाजाची पातळी. नळाचा आवाज थोडा जास्त होता, तो दहा मिनिटांत कमी केला. बाकी आवाज स्वच्छ होता.

उसवण्याच्या मुक्या शॉटवर ते बोलणं ठेवून पाहिलं. जणू त्याच्यासाठीच मोजून शिवलेलं. 'शिसारी आली' म्हणते तिथे धागा निघत होता. 'कडी आहे' म्हणते तिथे तिचा हात थांबत होता. मग मी एकच गोष्ट काढली. 'पोरीला खोली लागतेच' हे वाक्य. फिल्मच्या लांबीत बसत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. लांबीत नऊ सेकंद शिल्लक होते. दात ठेवले, पोर काढली. केसाने गळा कापणे म्हणतात ते असं, माउसच्या एका क्लिकने होतं आणि आवाजसुद्धा येत नाही.

तरी मी पहिला कट पुसला नाही. पेनड्राइव्हवर दोन्ही ठेवले. एकाचं नाव 'फायनल' आणि दुसऱ्याचं 'फायनल खरा'. तेव्हा मी मनाशी म्हणत होते की कुठला दाखवायचा ते अजून ठरवलेलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवतात ते इतरांपासून. मी स्वतःपासूनच लपवत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आत्या पडद्यामागून तयार होऊन बाहेर आली. नवे कपडे होते, तिनेच शिवलेले. आईची कामावर पाळी होती आणि बाबांना सुट्टी मिळाली नव्हती, त्यामुळे ती एकटीच येणार होती. चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाली की समोरच्या दुकानातले ते येणार आहेत. "त्यांना म्हटलं, माझ्या भाचीने केलंय. बघायचं म्हणाले." मग विचारलं, "मी वेड्यासारखं काही बोलले नाही ना गं त्यात?"

मी म्हणाले, "नाही गं. छान बोललीस."

म्हणजे मला माहीत होतं. कोणी असं समजू नये की घाईत चुकीची फाइल लागली. सभागृहाच्या मागे प्रोजेक्टर चालवणारे गृहस्थ असतात, त्यांनी पेनड्राइव्ह लावला आणि विचारलं, "यातली कुठली?" तिथून मला तिसऱ्या रांगेत आत्याचं डोकं दिसत होतं आणि तिच्या शेजारी चष्मेवाल्यांचं टक्कल. दोघांच्या मध्ये खुर्चीच्या हातावर त्यांनी एक पिशवी ठेवली होती, तिच्यात बिस्किटांचा पुडा दिसत होता. पहिल्या रांगेत हेडफोन. माझ्या आधी अकरा फिल्म झाल्या होत्या आणि त्यातल्या तीन माझ्या 'फायनल'पेक्षा चांगल्या होत्या. मी बोट ठेवलं. 'फायनल खरा'.

पहिली पाच मिनिटं आत्या खुशीत होती. पडद्यावर तिने मशीनला तेल घातलं तेव्हा ती शेजारी वाकून काहीतरी सांगतही होती. मग ब्लेड आलं, पँट आली, आणि तिचा स्वतःचा आवाज आला. पँट चष्मेवाल्यांचीच होती, हे मला त्यांच्याकडे बघून तेव्हा कळलं. टक्कल असलेलं डोकं पडद्याकडे थोडं पुढे झालं.

दातांच्या जागी लोक हसले. चांगलं मोठं हसले. रुमालात धरून परत बसवले म्हटल्यावर तर मागून कोणीतरी टाळी वाजवली. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो लाजेचा नव्हता. सव्वाशे माणसं मी ठेवलेल्या जागी हसत होती. मग दार आलं, कडी आली, आणि सगळे एकदम गप्प झाले. 'तीन सेकंद' बाई माझ्या शेजारी बसली होती, तिने माझा हात दाबला. आत्या हलली नाही. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला आणि शेवटपर्यंत फिल्म बघितली. दिवे लागल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यांनीही वाजवल्या.

संध्याकाळी पाच वाजता हेडफोन मंचावर गेला आणि कागद न उघडता माझं नाव घेतलं.

मी मंचावरून खाली उतरले तेव्हा ती दोघं दाराजवळ होती. मला बघून थांबली नाहीत की बोलणं आटोपतं घेतलं नाही. जणू मी तिथे नव्हतेच. चष्मेवाले अगदी साध्या आवाजात आत्याला सांगत होते, "खोलीसाठी येतेय, एवढं सांगितलं असतंत तरी मी हो म्हटलं असतं. मला चाललं असतं ते. पण आता हॉलभर लोक हसलेत माझ्यावर. उद्या दुकान उघडायचंय मला." मग त्यांनी बिस्किटांची पिशवी तिच्या हातात दिली आणि निघून गेले. आत्याने मला विचारलं नाही की का केलंस. तिने विचारलं, "बस कुठल्या बाजूने मिळते?"

घरी आईला सगळं कळलं, कारण आत्या सांगत नव्हती म्हणून मीच सांगितलं. आईने हात उगारला आणि खाली घेतला. म्हणाली, "माझ्याशी बोलत होती ती. माझ्याशी." तेव्हापासून मी स्वयंपाकघरात गेले की आई बोलता बोलता थांबते आणि नळ सोडते. बाबा म्हणाले की झालं ते झालं, तसंही या वयात काय लग्न. हे त्यांनी बोळाच्या पडद्यापासून दोन हातांवर उभं राहून म्हटलं. आत्या दुकानात जायला मागच्या गल्लीने वळसा घालून जायला लागली, समोरचं दुकान लागू नये म्हणून. पानात वाढलेलं तसंच ठेवून उठायची. मला ती एक शब्द वाईट बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते, आणि जिंकले असते. मला भांडता येतं.

दोन आठवड्यांनी मी स्टुडिओत रुजू झाले. खिडकी नसलेली खोली, भिंतींना फोम, आणि एक खुर्ची, तीच. दुपारी हेडफोन डबा खात होता तेव्हा मी उगाच विषय काढला. खरं तर मला कौतुक ऐकायचं होतं. मी म्हणाले, सर, तो आवाजाचा तुकडा सापडला नसता तर माझं काही खरं नव्हतं.

तो म्हणाला, "कुठला तुकडा?"

मी सांगितलं.

"हां, तो." त्याने घास संपवला. "तुला घ्यायचं मी आधीच ठरवलं होतं. तो पहिला कट पाठवला होतास ना, तेव्हाच. ती बाई चार मिनिटं शिवण उसवते आणि तू कॅमेरा हलवत नाहीस. या वयात कोणाला जमत नाही ते. त्यावर घेतलं."

मी विचारलं की मग मला तेव्हाच सांगितलं का नाही. तो म्हणाला, आधी सांगितलं की मुलं काम थांबवतात.

"आणि आवाज?"

"मी असतो तर काढला असता. एकदा लोक हसले की त्या बाईच्या हातांकडे बघायचं राहून जातं. शॉटची वाट लागली." तो डब्याचं झाकण लावत होता.

माझा आवाज चढला. मी म्हणाले, तुम्हीच शिकवलंत, कट म्हटल्यानंतरचं ऐका म्हणून. मी वहीत लिहिलंय.

"ऐका म्हणालो होतो," तो म्हणाला. "ऐकवा म्हणालो नव्हतो." आणि मला टिश्यूचा डबा दिला. तो द्यायला त्याला नुसता हात लांब करावा लागला, कारण डबा तिथे टेबलावर कायम ठेवलेलाच असतो. मग म्हणाला की रडून झालं की कालच्या फाइल्सना नावं घालून ठेव.

मी नावं घातली. त्या दिवशी एकशे चौदा फाइल्सना नावं घातली, एकही चुकली नाही. मग घरी आले. आई कामावर होती. आत्या तिच्या खाटेवर बसून कोणाचा तरी कोट उसवत होती, पडदा बाजूला केलेला होता. मी तिच्या पायाशी बसले. असं मी शाळेत असताना बसायचे. मी म्हणाले की खोलीतलं टेबल मी काढते, तू परत ये. मला आता स्टुडिओत जागा मिळाली आहे, घरी लागत नाही.

ती म्हणाली, "नको गं. काम घरी आणावं लागेल तुला कधी ना कधी."

मी म्हणाले, नाही लागणार. ती धागे चिमटीत धरून एका जागी जमवत होती. मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता येणार. दोन आठवडे मी त्याचीच वाट बघत होते. पण तिच्या तोंडावर राग नव्हता. तिला काहीतरी विचारायचं होतं, आणि विचारायची भीती वाटत होती.

"ते ऐकवलंस म्हणूनच मिळालं ना तुला काम?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या तोंडात दुपारचं सगळं आलं होतं. तिच्याशिवाय मी ते कोणाला सांगणार होते? लहानपणापासून सगळं तिलाच सांगत आलेली. कोणी मारलं, कोणी नापास केलं, कोणी हसलं. मी गिळलं.

"हो," मी म्हणाले. "त्यामुळेच मिळालं. सर म्हणाले, तो आवाज नसता तर घेतलंच नसतं."

"असं म्हणाले?"

"असंच म्हणाले."

आत्याने मोठा श्वास सोडला. "मग ठीक आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, फुकटच गेलं."

आता ती दुकानात गिऱ्हाइकांना सांगते की भाचीला एवढ्या मोठ्या स्टुडिओत काम लागलं ते माझ्या बोलण्यावरून लागलं. टेबल खोलीतच आहे, तिने मला काढू दिलं नाही. त्या रात्री ती दोन आठवड्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवली, असं आईने मला दुसऱ्या दिवशी नळ बंद करून सांगितलं.